शिरूर कासारमध्ये तलवारीची पारख

शिरूर म्हटले की पुण्याकडच्या माणसाला घोडनदीचे शिरूर आठवते आणि लातूरकडच्याला शिरूर अनंतपाळ. आम्ही जाऊन आलो ते बीड जिल्ह्यातले शिरूर कासार. सरकारी कागदावर त्याला थोडक्यात ‘शिरूर (का.)’ असे लिहितात. कासार म्हणजे तांब्या-पितळेचे काम करणारा. धातूचे नाव गावाच्या नावालाच चिकटलेले आहे. सिंदफणा नदीच्या काठचे हे गाव आता तालुक्याचे ठिकाण आहे. बालाघाटच्या डोंगराचा हा मुलूख, पाऊस बेभरवशाचा. बाजरी, तूर, कापूस यांवर वर्ष निघत नाही, म्हणून दिवाळीच्या सुमारास वाड्या-वस्त्यांवरच्या घरांना कुलपे लागतात आणि माणसे ऊसतोडीला निघतात. म्हातारी माणसे, शाळेतली काही पोरे आणि कुत्री एवढेच मागे राहतात.

या भागात कोयता हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक म्हणजे हातातले हत्यार. दुसरा म्हणजे माणूसच. मुकादम विचारतो, “यंदा किती कोयते?” तेव्हा त्याला नवरा-बायकोच्या जोड्या किती, एवढेच विचारायचे असते. एक जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल मिळते ती कोयत्यावर, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तोही कोयत्यावरच.

ज्या मुलखात माणसाचीच गणती पात्यावर होते, तेथे पात्याची पारख घराघरात असणारच. हे सांगायचे कारण असे की शिरूरच्या मुक्कामात आमच्यासमोर एक प्रश्न आला, तो होता एका जुन्या जपानी तलवारीचा. आणि त्याचे निम्मे उत्तर आम्हाला सापडले ते रस्त्याच्या कडेला भाता टाकून बसलेल्या लोहाराकडे.

प्रश्न कसा आला

आम्ही ज्या घरी उतरलो त्या घरातल्या कर्त्या माणसाला सगळी वस्ती तात्या म्हणते. तात्यांनी तीस-पस्तीस हंगाम ऊस तोडला. आता गुडघे साथ देत नाहीत. मुलगा रांजणगावला कंपनीत आहे, नात बारावी होऊन नर्सिंगला जायच्या तयारीत. जयभीम झाला, चहा झाला, आणि तात्यांनी हळूच विषय काढला.

“साहेब, तुम्ही चार ठिकाणी फिरता, चार पुस्तकं वाचता. जपानी तलवार कशी ओळखावी?”

आम्हाला आधी वाटले की थट्टा चालली आहे. परंतु तात्या गंभीर होते. बाहेरगावचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी गावात येऊन गेला होता. त्याच्याजवळ एक तलवार होती. सामुराईची, चारशे वर्षांची, ब्रह्मदेशच्या लढाईत जपान्यांकडून मिळालेली, असे त्याचे सांगणे. किंमत एका कोयत्याच्या हंगामाच्या उचलीएवढी. तात्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते. ब्रह्मदेशात होते असे तात्यांची आई सांगायची. व्यापाऱ्याने गावात चौकशी करून ही गोष्ट बरोबर हेरली होती. “तुमच्या वडिलांनी हीच तलवार जपान्याच्या हातातून काढून घेतली असती,” असे तो म्हणाला, आणि तात्यांच्या मनाला ते लागले.

मुलाने पैसे पाठवायची तयारी दाखवली होती. घरात पैसा होता तो नातीच्या प्रवेशाचा. व्यापारी दोन दिवसांनी पुन्हा येणार होता.

तात्यांचा हा ओढा नुसत्या हौसेचा नव्हता, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. लष्करात आपल्या माणसांची भरती १८९०च्या दशकात बंद केली गेली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा भेद इंग्रजांनी कागदावर पक्का केला. पहिल्या महायुद्धाची गरज पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभारली, आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडली. पुढे १९४१ साली बाबासाहेब व्हाईसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिची दुसरी बटालियन ब्रह्मदेशच्या मोहिमेतही होती. तेव्हा ‘माझा बाप शिपाई होता’ हे तात्यांच्या घरातले साधे वाक्य नाही. त्यामागे पन्नास वर्षांचा बंद दरवाजा आहे. अशा वाक्याला पुरावा हवासा वाटणे स्वाभाविक आहे. व्यापारी तलवार विकत नव्हता, तो हा पुरावा विकत होता.

लोहाराच्या भात्यापाशी

दुसऱ्या दिवशी तात्यांना हंगामासाठी मुलाचा जुना कोयता शेवटून घ्यायचा होता, कारण सुनेचे भाऊ-भावजय यंदा तोडीला चालले होते. आम्हीही बरोबर गेलो. रस्त्याच्या कडेला लोहाराचे बिऱ्हाड होते. बाई भाता फिरवत होती, माणूस घण मारत होता. शेजारी ट्रकचे मोडके पाटे पडले होते. या भागात चांगला कोयता म्हणजे पाट्याचा कोयता. पाट्याचे पोलाद चिवट असते आणि पाणी चांगले धरते.

‘पाणी धरणे’ हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळी गोम तेथे आहे. लोहार पाते लाल तापवतो आणि पाण्यात बुडवतो. पण सगळे पाते बुडवत नाही. फक्त धारेची कड बुडवतो, पाठ बाहेर ठेवतो. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, “सगळ्याला पाणी दिलं तर उसाच्या बुडख्यावर काच फुटल्यासारखा फुटंल. नाहीच दिलं तर चार मोळ्यांत बोथट. धार कडक पायजे अन् पाठ नरम पायजे.”

पुस्तकात जपानी तलवारीची जी मोठी विद्या सांगितली आहे, तिचे सारही हेच आहे. जपानी कारागीर पात्यावर मातीचा लेप देतो. धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. मग पाते तापवून पाण्यात घालतो. पातळ लेपाची धार झटकन थंड होऊन कडक होते, जाड लेपाची पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. तलवारीला जो सुंदर बाक येतो तोही पुष्कळसा या पाण्यातच येतो. कडक आणि नरम पोलाद जेथे भेटते तेथे पात्यावर धुक्यासारखी पांढुरकी रेघ उमटते. तिला जपानी लोक ‘हामोन’ म्हणतात. तलवारीची पारख करणारा ही रेघ बारकाईने पाहतो.

त्यांचे पोलादही साध्या वस्तूचे असते. नदी-डोंगरातली लोहयुक्त वाळू आणि कोळसा मातीच्या भट्टीत तीन-चार दिवस जाळून ते काढतात. मग ते तापवून, ठोकून, घडी घालून पुन्हा ठोकतात. दहा वेळा घडी घातली की हजारावर थर होतात. त्यामुळे नीट उजेडात पाहिले तर पात्याच्या अंगावर लाकडासारखे बारीक रेषांचे पोत दिसते.

लोहाराला आम्ही हे सांगितले तेव्हा त्याला फारसे आश्चर्य वाटले नाही. “लोखंड समदीकडं सारखंच,” एवढेच तो म्हणाला. आणि ते खरेही आहे. बीड ज्या निजामाच्या राज्यात होते, त्याच राज्यातल्या कोनासमुद्रम गावी, म्हणजे आजच्या तेलंगणातल्या निजामाबादकडे, मुशीत पोलाद काढण्याचा मोठा धंदा होता. तेथले पोलाद घ्यायला १९व्या शतकात थेट इराणचे व्यापारी येत. भट्टीपाशी बसून वजन पाहत, आणि पोलादाची वडी अन् वडी स्वतः तपासून मगच घेत. दूर देशाहून आलेला तो व्यापारी गोष्टीवर पैसे देत नव्हता. माल पाहून देत होता.

तात्यांनी कोयता निवडला तो कसा, हे आम्ही लक्ष देऊन पाहिले. पाते डोळ्यासमोर आडवे धरून ते सरळ आहे का ते पाहिले. बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. ठणठणीत वाजला तर अंगात चीर नाही, बद्द वाजला तर काही तरी आहे. धारेच्या कडेला केसाएवढी आडवी चीर आहे का ते उन्हात फिरवून पाहिले. आणि शेवटी म्हणाले, “मूठ काढ.” लोहाराने मूठ ठोकून काढली आणि आतले शेपूट दाखवले. ते जोडलेले नव्हते, एकाच पोलादातून ओढलेले होते. तेव्हा कुठे तात्यांनी पैसे काढले.

आम्ही म्हणालो, “तात्या, उद्या त्या तलवारीपाशी हेच करायचं.”

तलवार हातात आली तर काय पाहावे

त्या रात्री कंदील नव्हे तर चांगला दिव्याचा बल्ब लावून आम्ही बसलो आणि जी माहिती पुस्तकांतून व जाणकारांकडून आमच्याजवळ होती ती घरातल्या सगळ्यांना सांगितली. नातीने ती वहीत उतरून घेतली. वाचकांनाही ती उपयोगी पडेल, म्हणून येथे देतो.

जपानी तलवारीचे पाते मुठीत एका बांबूच्या खुंटीने अडकवलेले असते. स्क्रू नसतो, डिंक-लाख नसते. खुंटी काढली की मूठ निघते. ही मूठ काढणे जपानमध्ये अपमानाचे नाही, ती रीतच आहे. आत जो भाग असतो त्याला ‘नाकागो’ म्हणतात. तो कधीही घासून साफ करत नाहीत. शेकडो वर्षांचा असेल तर त्यावरचा गंज काळपट तपकिरी, गुळगुळीत आणि खोल मुरलेला असतो. पन्नास-पाऊणशे वर्षांचा असेल तर फिकट करडा. आणि गेल्या काही वर्षांत मुद्दाम चढवलेला असेल तर नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा. एखाद्या अडाण्याने तो भाग घासून चकचकीत केला तर तलवारीची निम्मी किंमत तेथेच जाते, कारण तिचे वय सांगणारी साक्षच पुसली जाते.

पुष्कळदा या भागावर कारागिराचे नाव कोरलेले असते. परंतु नावावर भुलू नये. थोर कारागिराचे नाव हलक्या पात्यावर कोरण्याची खोड जपानमध्येच शेकडो वर्षांची आहे. तेथले जाणकार आधी पाते पाहून ते कोणत्या काळाचे, कोणत्या हाताचे याचा अंदाज करतात आणि नंतर नाव वाचतात. पात्याचे आणि नावाचे जुळले नाही तर पात्यावर विश्वास ठेवतात, नावावर नाही. आमच्या वाचकांना ही रीत पटेल. नाव आणि कूळ मोठे म्हणून माल खरा, हा हिशेब लोखंडालाही लागू पडत नाही.

नंतर ती पांढुरकी रेघ. एकच बल्ब समोर ठेवून पाते हळूहळू फिरवावे. खऱ्या रेघेच्या कडेला धुके किंवा बारीक वाळूचे चमकते कण दिसतात, आणि ती रेघ टोकापर्यंत जाऊन तेथे वळते. तेजाब लावून किंवा घासून काढलेली रेघ सपाट, सगळीकडे सारखी आणि चुन्याच्या पट्ट्यासारखी असते. टोकावर ती बहुधा फसते. आजकाल बाजारात नकली माल पुष्कळ आहे. त्याच्या अंगावरचे पोत मुद्दाम भडक केलेले असते, आणि मुठीवर नागमोडी ड्रॅगन, पितळेचे नक्षीकाम यांची रेलचेल असते.

दोष पाहायचे ते असे. धारेला आडवी केसासारखी चीर असेल तर ते पाते मेले समजावे. तिला उपाय नाही. वारंवार घासून पाते झिजले असेल तर आतले मऊ लोखंड डाग पडल्यासारखे वर दिसते. पाते आगीत सापडले असेल तर त्याचे पाणी उतरलेले असते. रेघच नाहीशी होते. बारीक खड्डे, थोडा वरचा गंज हे दोष चालण्यासारखे आहेत. परंतु ते काढण्यासाठी पॉलिश पेपर, राख, लिंबू यांचा प्रयोग घरी कदापि करू नये. पाते घासणे ही जपानमध्ये वर्षानुवर्षे शिकण्याची स्वतंत्र विद्या आहे.

लांबीही मोजावी. जपानी माप ‘शाकू’ म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर. दोन शाकूंपेक्षा लांब ती काताना, एक ते दोन शाकूंमधली ती वाकिझाशी. पात्याला बोट लावू नये, घामाने डाग पडतो. धार पाहण्यासाठी नखावर ओढू नये. लहान पोरे दूर ठेवावीत.

लढाईतल्या तलवारींबद्दल एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. जपानमध्ये १८७६ साली सरकारी हुकमाने सामान्यतः तलवार बाळगून फिरण्यास बंदी झाली. तेव्हा तलवारी घडवणारे कित्येक हात सुऱ्या, कात्र्या, अवजारे घडवू लागले. पुढे लष्कराला तलवारी हव्या झाल्या तेव्हा त्या कारखान्यांत निघू लागल्या. हवालदाराच्या हुद्द्याच्या लोकांसाठी १९३५ पासून यंत्रावर काढलेली तलवार होती. तिची मूठ धातूची ओतीव, वरून दोरी गुंडाळल्यासारखी रंगवलेली, आणि पात्यावर मुठीजवळ अनुक्रमांक ठोकलेला. अधिकारी आपली तलवार स्वतः घेत. कुणाच्या लष्करी म्यानात कारखान्याचे पाते असे, तर कुणाच्या म्यानात पणज्याचे जुने पाते बसवलेले असे. म्हणून म्यान आणि मूठ पाहून पात्याचे वय ठरत नाही. म्यान लष्करी आहे म्हणून पाते हलके नाही, आणि म्यान जुने आहे म्हणून पाते जुने नाही.

१९४५ साली जपान शरण आला. १२ सप्टेंबरला सिंगापूरला मोठा समारंभ झाला, आणि आग्नेय आशियात ठिकठिकाणी जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी रांगेने खाली ठेवल्या. त्या तलवारी बहुतेक अधिकाऱ्यांच्या आणि पलटणींच्या वाट्याला गेल्या. साध्या शिपायाने तलवार घरी आणावी असा तो काळ नव्हता. तेव्हा ‘शिपायाच्या घरातून आली’ ही गोष्ट ऐकली की ती खोटीच असे नव्हे, परंतु कागद मागावा.

व्यापारी आला तो दिवस

ठरल्या दिवशी व्यापारी आला. तलवार लाल कापडात गुंडाळलेली होती. मुठीवर आणि परजेवर पितळेची नक्षी होती. त्याने म्यानातून ती खसकन ओढली आणि हवेत फिरवली. तात्या म्हणाले, “खाली ठेवा. बघू द्या.”

आम्ही काहीच बोललो नाही. विचारले ते तात्यांच्या नातीने, वही समोर धरून.

“मूठ काढून दाखवता का?”

व्यापारी म्हणाला, “मूठ काढली की तलवार बाद होते. चारशे वर्षं कुणी काढलेली नाही.”

“पण बांबूची खुंटी असते ना? हिथं तर स्क्रू दिसतोय.”

“ती नंतर बसवलीय.”

“मग नंतर कुणी तरी काढलीच असंल की.”

वस्तीतली माणसे हसली. व्यापारी जरा चिडला. मग तिने दुसरा प्रश्न केला, आणि तो आम्हाला फार मोलाचा वाटतो, कारण तो कुणाही साध्या माणसाला विचारता येईल. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुराणवस्तू ठरते आणि तिचा व्यापार करणाऱ्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. ती म्हणाली, “चारशे वर्षांची असंल तर परवाना दाखवा. परवाना लागत नसंल तर मग चारशे वर्षांची किंमत कशाची मागता?”

यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते. त्याने एक इंग्रजी छापील कागद पुढे केला. त्याला तो प्रमाणपत्र म्हणत होता. जपानमध्ये तलवारींचे जतन करणारी नामांकित संस्था १९४८ पासून आहे आणि ती तपासून कागद देते, हे खरे. परंतु त्या कागदावर त्याच तलवारीच्या मुठीतल्या भागाची प्रतिमा असते. ती समोरच्या तलवारीशी ताडून पाहायची असते. येथे प्रतिमा नव्हती, आणि ताडायला मूठही निघत नव्हती.

ती तलवार खोटीच होती असे आम्ही लिहिणार नाही. मूठ न काढता तसे कुणालाच सांगता येणार नाही. परंतु जो विकणारा मूठ काढू देत नाही त्याचा माल घेऊ नये, एवढे सांगायला जाणकार लागत नाही. तात्यांनी तलवार कापडात गुंडाळून परत दिली. “चहा घेऊन जा,” म्हणाले. तो चहा न घेता गेला.

कायद्याचे बोलणे

येथे आणखी एक सावधगिरीची सूचना. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि शस्त्र नियम २०१६ चे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवार त्यांच्या कक्षेत येते. घरकामाची, शेतीची अवजारे मात्र त्यातून वगळली आहेत. म्हणजे कायद्यालाही तात्यांचा कोयता आणि व्यापाऱ्याची तलवार यांतला फरक कळतो. खरी जुनी तलवार मिळत असली तरी घेण्यापूर्वी पोलीस ठाण्यात व जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर जपून ठेवावे. मिरवणुकीत तलवार फिरवणाऱ्या व वाढदिवसाचा केक तलवारीने कापणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल झाल्याचे आपण वारंवार वाचतो. नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला लागतो तेव्हा असा एक गुन्हा जन्माचे नुकसान करतो. आईबापांनी हे पोरांना वेळीच सांगावे.

खरी पाहायची तर

खऱ्या जपानी तलवारी पाहायची हौस असेल तर शिरूरकरांना फार लांब जायला नको. हैदराबादला मुसी नदीकाठी सालारजंग संग्रहालय आहे. निजामाचे एके काळचे दिवाण, तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान यांनी जन्मभर देशोदेशीच्या वस्तू विकत घेतल्या. १९४९ साली ते वारले आणि १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते हे संग्रहालय लोकांसाठी उघडले. तेथे जपानी दालनात सामुराईंच्या तलवारी आहेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड त्याच राज्यात होते. ज्या राज्यात आपल्या आजोबांना वाड्याच्या पायरीपर्यंतही कुणी येऊ दिले नसते, त्या दिवाणाच्या तलवारी आज आपली पोरे तिकीट काढून, काचेला नाक लावून पाहू शकतात. एकदा खरी रेघ डोळ्यांनी पाहिली की खोटी आपोआप खटकते. पारख शिकायचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

पत्र्याच्या पेटीतला कागद

व्यापारी गेल्यावर तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे माझ्या बापाचं काहीच नाही.”

आम्ही विचारले, “घरात जुना कागद नाही का?” तेव्हा नातीने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. तीत सातबाराचे उतारे होते, रेशनकार्डे होती, आणि तळाशी घडीवर फाटलेला लष्करातून सुटल्याचा दाखला. शाई पुसट झाली होती, परंतु नाव आणि पलटणीतला नंबर वाचता येत होता. घरात ती पेटी कित्येक वर्षे होती. तीत काय आहे हे कुणी वाचले नव्हते, कारण वाचणारे तेव्हा घरात नव्हते.

नाव आणि नंबर हाताशी असला की पुढची वाट असते. बीडला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. महार रेजिमेंटचे केंद्र व अभिलेख कार्यालय मध्य प्रदेशात सागर येथे आहे. दाखल्याची नक्कल जोडून, नातेसंबंधाचा पुरावा देऊन अर्ज करता येतो. दाखला दुसऱ्या पलटणीचा असेल तर त्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे लिहायचे. माणूस कोणत्या तारखेला भरती झाला, कोठे कोठे होता, कधी सुटला, हे असेल ते तेथूनच कळेल. ब्रह्मदेशात होता की नव्हता, हेही. जे उत्तर येईल ते खरे असेल, आणि ते टपालाच्या खर्चात मिळेल.

अर्ज नातीने तेथेच लिहायला घेतला. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत वर ठेवला. नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे होते तेथेच राहिले.

आमच्या वाचकांच्या घरांतही अशा पेट्या असतील. जुन्या वस्तूंचे व्यापारी आता खेड्यापाड्यांत फिरतात. कुणी तलवार आणील, कुणी नाणे, कुणी बिल्ला. तुमच्याच घराण्याची गोष्ट तुम्हालाच सांगेल आणि तिचे पैसे मागेल. तेव्हा घाई करू नये. गोष्ट ऐकून घ्यावी, चहा पाजावा, आणि मग तात्या लोहाराला जे म्हणाले तेच दोन शब्द म्हणावेत: मूठ काढ. लोहाराने काढली होती.